अण्णांचा चेहरा कोण बंद करणार?

एका गावात जनावरं पाळणाऱ्यांचा एक संघ होता आणि त्या संघाला एक अध्यक्ष होते. गावाचं नाव चिंचखोरे. अध्यक्षांचं नाव रंगराव देवकाते, पण सगळा गाव त्यांना अण्णा म्हणायचा. माणूस सरळ होता. संघाच्या पेंडीचं एक पोतं त्यांनी कधी घरी नेलं नाही. कुणाची गाय अडली तर स्वतःची जीप काढून डॉक्टरांना घेऊन यायचे. हौस मात्र एकच होती, सत्काराची. खांद्यावर शाल पडली की अण्णांचा चेहरा असा फुलायचा की शाल घालणाऱ्यालाही बरं वाटायचं. म्हणून लोक शाली घालत राहिले.

अण्णांची एकसष्टी आली. आता शाली तरी किती घालायच्या? अण्णांच्या घरी कपाटात शालीच मावेनात. मग सचिव जगदाळ्यांनी नवी कल्पना काढली. सभासदांनी मिळून एक भला मोठा टीव्ही घेतला आणि संघाच्या कचेरीत, समोरच्या हॉलच्या भिंतीवर टांगला. त्यावर अण्णांचे फोटो एकामागून एक सरकत राहायचे. अण्णा फीत कापताना. अण्णा नारळ फोडताना. अण्णा बक्षीस मिळालेल्या वळूसोबत. या शेवटच्या फोटोत वळूच जास्त रुबाबदार दिसत होता, पण तसं कुणी बोललं नाही. टीव्हीला झेंडूचा हारही घातला. अण्णा खुर्चीत बसून बराच वेळ स्वतःकडे बघत राहिले.

त्या संध्याकाळी शिपाई बबनने रोजच्यासारखे दिवे, पंखे, संगणक बंद केले आणि त्याच हाताने टीव्हीही बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा गोठ्यात घसरले. मनगट मोडलं, प्लास्टर घालावं लागलं.

कचेरीत बातमी आली तेव्हा जगदाळ्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "काल अण्णांचा चेहरा कुणी बंद केला?"

बबन पांढराफटक पडला. त्याला कुणी रागावलं नाही. रागावण्याची गरजच पडली नाही. त्या दिवसापासून टीव्हीच्या बटणाला कुणी बोट लावलं नाही. संध्याकाळी बबन दिवे, पंखे, संगणक बंद करी, टीव्हीसमोर उभं राहून हात जोडी आणि बाहेरून कुलूप लावी. आत रिकाम्या खुर्च्यांकडे बघून अण्णा रात्रभर हसत बसायचे.

अण्णांना याचा पत्ता नव्हता. ते दिवसा येत, टीव्ही चालू बघत, दिवसाउजेडीच घरी जात. संध्याकाळी बाकीच्या वस्तूंबरोबर तोही बंद होत असेल, असं त्यांनी धरून चाललं होतं. लोकांना नुसती भीती होती असं म्हटलं तर त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांची अण्णांवर माया होती. पण मायेने चालवलेल्या टीव्हीलाही वीज लागतेच.

आता त्या विजेचं सांगायला हवं. चिंचखोऱ्यात सरकारी लाईन संध्याकाळी जायची, ती सकाळी उशिरा यायची. म्हणून संघाने छपरावर सोलर बसवलं होतं आणि खाली मोठी बॅटरी ठेवली होती. दिवसभर ऊन पडलं की बॅटरी भरायची आणि रात्री तिच्यावर एकच महत्त्वाची गोष्ट चालायची. हॉलच्या मागच्या खोलीतला लसींचा फ्रीज.

हा फ्रीज विमल शेंडगे यांच्या ताब्यात होता. विमलताई संघाच्या लसटोचक. गावातल्या गाई, म्हशी, बैल त्यांना ओळखायचे. त्या दिसल्या की बैल आधीच शेपूट उडवायचे. फ्रीजची किल्ली त्या कमरेला लावून फिरत. लस गार राहिली तर लस, गरम झाली की नुसतं पाणी, हे त्या भेटेल त्याला सांगत. लोक हसत, पण जनावर त्यांच्याच हाती देत.

उन्हाळाभर काही बिघडलं नाही. छपरावर ऊन रग्गड होतं. टीव्हीही पोट भरून जेवायचा आणि फ्रीजही. मग ढगाळ दिवस सुरू झाले. बॅटरी अर्धीमुर्धी भरायला लागली. एका सकाळी विमलताईंनी फ्रीज उघडला तर आत गारवा नव्हता. तापमापकाच्या काट्याने केव्हाच लाल खूण ओलांडली होती. लाळ-खुरकुताच्या लसीची अख्खी पेटी वाया गेली. बाटल्या खड्ड्यात पुरताना विमलताईंना रडू आवरलं नाही.

आणि वेळ अशी की नदीपलीकडच्या गावात त्याच रोगाची जनावरं दिसायला लागली होती. तोंडातून लाळेच्या तारा, खुरांत जखमा, समोर हिरवा चारा आणि खाता येईना. चिंचखोऱ्याच्या लोकांना रात्री झोप लागेना. तालुक्याच्या पशुवैद्यांनी निरोप पाठवला: दुसरी पेटी देतो, पण यंदाची ती शेवटची. तुमचा फ्रीज रात्रभर गार राहतो हे आधी दाखवा, मगच पेटी मिळेल.

अण्णांनी हॉलमध्ये सभा बोलावली. अण्णा चिडले होते. चिडलेल्या माणसाला समोर जो उभा असेल तोच अपराधी दिसतो.

"विमल, फ्रीजचं दार उघडं ठेवून घरी गेलीस का गं?"

"न्हाई अण्णा. मी दार लावते, पुन्यांदा ढकलून बघते, मगच कुलूप घालते."

"मग वीज काय भुतानं खाल्ली?"

जगदाळ्यांनी एकदा टीव्हीकडे बघितलं आणि पटकन नजर खाली घातली. बबनही पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत राहिला. मनात शंका दोघांनाही होती. बोललं कुणीच नाही. उलट जगदाळे म्हणाले, "गडबडीत राहिलं असंल दार. बाईमाणूस, घरचं किती बघावं, हितलं किती."

विमलताईंनी जगदाळ्यांकडे असं बघितलं की त्यांनी चष्मा पुसायला काढला.

अण्णांनी मांडीवर थाप मारली. "तालुक्याच्या बँकेत सेन्सर बसवलेत. कोण वीज उधळतो ते यंत्र बरोबर पकडतं. आपण बी बसवू. आणि आत्ताच सगळ्यांसमोर सांगतो. ज्याच्या वस्तूनं बॅटरी संपवली असंल, त्यानं लसीकरणाच्या दिवशी सगळ्या गावच्या जनावरांचं शेण एकट्यानं काढायचं. मग तो कुणी का असंना. आणि विमल, दोष तुझा निघाला तर किल्ली माझ्याकडं द्यायची."

विमलताई म्हणाल्या, "देईन." त्यांचा हात मात्र कमरेच्या किल्लीवरच होता.

सेन्सर बसवायला शलाका नावाची मुलगी आली. वीज अभियंता, बोलायला मोकळी. तिने पिशवीतून लहान पांढऱ्या डब्या काढल्या. एकेक डबी प्लग आणि बोर्ड यांच्यामध्ये बसायची. ती वस्तू किती वीज घेते, केव्हा घेते, ते डबी शलाकाच्या मोबाईलला कळवायची. छताला एक वेगळी डबी लावली. खोलीत माणूस आहे की नाही ते ती ओळखायची.

"म्हणजे समोर कुणी नसताना कोण जागं आहे, ते आपल्याला समजतं," शलाकाने सांगितलं.

"पहिल्यांदा माझ्या फ्रीजला लावा," विमलताई म्हणाल्या.

सगळीकडे डब्या बसल्या. शेवटी शलाका टीव्हीपाशी गेली तेव्हा बबन आडवा आला. "ताई, ह्याला नगं."

"का हो काका?"

"ह्यो अण्णांचा हाय."

"अण्णांची वीज वेगळी येते का?"

बबनला हसावं की रडावं कळेना. शलाकाने हार जरा बाजूला सारला आणि डबी बसवून टाकली.

काही दिवस डब्या गुपचूप बघत राहिल्या. रिकाम्या फ्रीजमध्ये विमलताईंनी पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या होत्या. रोज सकाळी त्या बाटलीला हात लावायच्या. बाटली कोमट लागायची आणि त्या दिवसभर कुणाशी धड बोलायच्या नाहीत. घरी जेवणावरची वासनाच उडाली होती. आपण दार लावलं होतं हे त्यांना पक्कं माहीत होतं, पण सगळा गाव आपल्याकडे संशयाने बघायला लागला की आपलं आपल्यालाही खरं वाटेनासं होतं.

मग सभा भरली. हॉल गच्च भरला. विमलताई मागच्या दाराला टेकून उभ्या राहिल्या. शलाका मोबाईल घेऊन पुढे आली. तिच्या पाठीमागे भिंतीवर अण्णा फीत कापत होते.

"आधी लहान चोर सांगते," शलाका म्हणाली. "सचिवांचा संगणक. पडदा काळा होतो, पण आतून तो जागाच असतो. बटण बोर्डावरून बंद करायला हवं."

लोक हसले. जगदाळेही हसले, जरा उशिराने.

"प्रिंटर. दिवसातून एखादा कागद काढतो, बाकी वेळ नुसता तापून बसतो. मोबाईल नसलेले चार्जर. आणि पाणी गार करायचं यंत्र. संध्याकाळी इथे कुणी नसताना ते कुणासाठी पाणी गार करतं?"

"उंदरांसाठी!" कुणीतरी ओरडलं. सगळ्यांत मोठ्याने अण्णा हसले.

"पण हे सगळे मिळूनही थोडंच खातात," शलाका पुढे म्हणाली. "आता फ्रीज. फ्रीजचं दार एकदाही उघडं राहिलेलं नाही. राहिलं असतं तर तो सारखा धापा टाकताना दिसला असता. त्याचं काम अगदी शांतपणे चालू असतं. पण उजाडायच्या आधीच त्याची वीज जाते, कारण तोवर बॅटरी रिकामी झालेली असते."

मागच्या दारातून दीर्घ श्वास सोडल्याचा आवाज आला.

"मग बॅटरी खातंय कोण?" अण्णांनी विचारलं.

शलाकाने मोबाईल सगळ्यांना दिसेल असा धरला. बारीकबारीक हिरव्या रेघांमध्ये एक रेघ लालभडक आणि सगळ्यांच्या डोक्यावरून वर गेलेली. "हॉलमधला टीव्ही. रात्री बॅटरी संपेपर्यंत चालू. समोर माणूस, एकही नाही."

सगळ्यांच्या माना टीव्हीकडे वळल्या. भिंतीवर फोटो सरकला आणि अण्णा नारळ फोडायला लागले.

जगदाळे उठले. असल्या वेळी ते नेहमीच आधी उठत. "अण्णा, नवं यंत्र हाय. बिघाड बी असू शकतो त्यात. एवढ्या मोठ्या बॅटरीला टीव्ही किती खाणार? आपण दुसरं यंत्र मागवू."

चार-दोन माना हलल्या. अण्णांनी नुसतं 'हो, तसंच असेल' म्हणायचा अवकाश होता. यंत्र परत गेलं असतं, हारासकट टीव्ही राहिला असता, किल्ली विमलकडून घेतली असती आणि अण्णांच्या अब्रूला ओरखडाही आला नसता. अण्णांच्या ओठांवर तो शब्द आलाही होता. हे मी लपवत नाही. चांगल्या माणसाच्याही ओठांवर असले शब्द येतात.

तेवढ्यात त्यांची नजर मागच्या दाराकडे गेली. विमलताई अजून दाराला टेकूनच होत्या. त्यांनी कमरेची किल्ली सोडून हातात घेतली होती. अध्यक्ष काय म्हणणार हे जणू त्यांना आधीच कळलं होतं आणि त्या द्यायच्या तयारीत होत्या.

अण्णांना ते बघवेना.

"जगदाळे, खाली बसा," ते म्हणाले. "यंत्र बिघडलेलं न्हाई. त्या डबीला मी अध्यक्ष हाय हे ठाऊक न्हाई, म्हणून ती खरं बोलली. तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून तुम्ही गप ऱ्हायला. बबन, टीव्ही रातीला चालू असतो हे तुला म्हाईत होतं का न्हाई?"

बबनच्या डोळ्यांत पाणी आलं. "होतं, अण्णा. पर तुमचा चेहरा कसा बंद करायचा आम्ही? पहिल्या दिशी मी केला, आन् दुसऱ्या दिशी तुमचा हात मोडला."

"त्यामुळं मोडला?"

"आवं, समदं गाव म्हणतंय."

अण्णांनी आपल्या मनगटाकडे बघितलं. मग त्यांना हसू फुटलं. आधी बारीक, मग अंग हलवणारं. "अरे येड्यांनो! मी घसरलो कशामुळं सांगू? गोठ्यात चालता चालता मोबाईलवर आदल्या दिवसाचे सत्काराचे फोटो बघत होतो. खाली शेण हाय हे दिसलंच न्हाई!"

हॉलमध्ये असा हशा झाला की शलाकालाही मोबाईल खाली ठेवावा लागला. पण अण्णा हसता हसता थांबले. ते लोकांमधून वाट काढत मागच्या दारापर्यंत गेले.

"विमल, तुला सगळ्यांसमोर बोललो, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो. माझं चुकलं."

विमलताई लगेच विरघळल्या नाहीत. "लई लागलं होतं अण्णा. लस मेल्यापेक्षा जास्त लागलं." मग त्यांनी किल्ली पुन्हा कमरेला अडकवली. "आता तेवढा टीव्ही बंद करा. बोलत बसू नका."

अण्णा टीव्हीपाशी गेले. त्याचं बटण कुठे असतं हेही त्यांना माहीत नव्हतं. बबनने हार उचलून दाखवलं. अण्णांनी बोट दाबलं. वळूसोबतचे अण्णा विझले. दोन-तीन म्हाताऱ्यांनी नकळत हात जोडले.

दुसऱ्या दिवशी एक गंमत झाली. कचेरी उघडायच्या आधीच फाटकाशी ही गर्दी. जगदाळे कधी वेळेवर न येणारे, ते सगळ्यांच्या पुढे. सगळ्यांचे डोळे रस्त्याकडे. अण्णांची जीप आली. अण्णा उतरले, दोन्ही पायांवर उभे राहिले, दोन्ही हात शाबूत.

"काय रे, कोण गेलं का?" त्यांनी घाबरून विचारलं.

"न्हाई न्हाई," बबन म्हणाला, "समदे हायत," आणि सुटकेचा केवढा तरी मोठा श्वास सोडला.

तेवढ्यात मागच्या खोलीतून विमलताई धावत आल्या. त्यांच्या हातातल्या बाटलीला बाहेरून दव सुटलं होतं. त्यांनी ती आधी जगदाळ्यांच्या हातात दिली. जगदाळे चटकन म्हणाले, "गार हाय." आणि मग खाली बघून, "ताई, दाराचं मी उगाच बोललो."

त्यानंतरही फ्रीज रोज रात्रभर गार राहिला. शलाकाने त्याचा आलेख पशुवैद्यांना पाठवला आणि शेवटची पेटी चिंचखोऱ्यात आली. संध्याकाळी टीव्ही बंद, संगणक बोर्डावरून बंद, पाण्याचं यंत्र बंद. बबनने आता हात जोडायचं सोडून दिलं होतं. तो प्रत्येक डबीवर 'वीज वाया जात नाही' सांगणारा हिरवा दिवा आहे ना एवढंच बघायचा.

लसीकरणाचा दिवस उजाडला. संघाच्या पटांगणात गावची सगळी जनावरं जमली. आणि त्यांच्यामधून, धोतर वर खोचून, डोक्याला पंचा बांधून, हातात घमेलं घेऊन अध्यक्ष रंगराव देवकाते फिरत होते. लोकांनी मदतीला पुढे यावं, अण्णांनी हाकलून लावावं. "माझा शब्द हाय. आपापलं जनावर धरा." एका म्हशीने तर अध्यक्ष पुढे सरकायची वाट बघून मगच काम उरकलं. अण्णा मागे वळले, तिला हात जोडले आणि पुन्हा वाकले. जो कुणी हसत होता त्याच्या हसण्यात कुचेष्टा नव्हती. एवढी शाल-श्रीफळं देऊनही गावाला अण्णा इतके आपले कधी वाटले नव्हते.

दुपारी ऊन चढलं. अण्णा घामाने निथळत होते. विमलताई लसींची गार पेटी घेऊन त्यांच्या शेजारून जाताना थांबल्या.

"बघू तरी लस कशी हाय," अण्णा म्हणाले आणि हात पुढे केला.

"हात लावू नका, शेणाचे हायत," विमलताई म्हणाल्या. "तोंड पुढं करा."

त्यांनी पेटीचं झाकण किंचित उचललं. आतला गारवा अण्णांच्या तोंडावर आला. अण्णांनी डोळे मिटले. पटांगणात गाई हंबरत होत्या, कुणाच्या तोंडाला लाळ नव्हती, कुणी लंगडत नव्हतं. विमलताईंनी झाकण लगेच खटकन लावलं, कारण लस गार राहायला हवी होती.

त्याच वेळी जगदाळ्यांनी मोबाईलवर एक फोटो काढला. डोक्याला पंचा, गालावर शेणाचा शिंतोडा, डोळे मिटलेले अण्णा. तो फोटो आता संघाच्या टीव्हीवर आहे. बाकीचे सगळे अण्णांनीच काढायला लावले. दिवसा लोक तो बघून हसतात आणि कामाला लागतात. संध्याकाळी कचेरी सुटायच्या वेळी अण्णा स्वतः येतात, हार उचलतात आणि आपला चेहरा आपल्या हाताने बंद करून घरी जातात. मागच्या खोलीत फ्रीज घुमत असतो.

तात्पर्य: ज्याच्या मानासाठी दिवा जळतो, त्याला तो विझवायला सांगायची हिंमत कुणात नसते, म्हणून समोर आलेलं खरं नाकारण्याऐवजी त्याने आपल्या हाताने बटण दाबावं, म्हणजे वीजही वाचते आणि मानही उरतो.